पटावरून नाव काढायचं आहे, पण सासूबाईंना कसं सांगू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इतरांना संदर्भ लागावा म्हणून तुमची हकीगत आधी थोडक्यात सांगते. तुम्ही मूळच्या नाशिकच्या. २०१० मध्ये एम.एस.साठी अमेरिकेतल्या युटा राज्यात आलात, रूममेटबरोबर मॉर्मन चर्चमध्ये जायला लागलात, पुढच्या वर्षी बाप्तिस्मा घेतलात आणि २०१३ मध्ये सॉल्ट लेकच्या टेंपलमध्ये तुमचं लग्न झालं. गेली चार वर्षं तुमचा विश्वास उरलेला नाही. नवऱ्याचा आहे, सासूबाईंचा तर अढळ आहे. थोरली येत्या मार्चमध्ये आठ वर्षांची होईल, म्हणजे तिच्या बाप्तिस्म्याची वेळ येईल. तुम्हाला चर्चच्या नोंदीतून रीतसर नाव काढायचंय, आणि तुम्ही विचारलंय की हे सासूबाईंना न दुखावता कसं करू, आणि मला क्लोजर कसं मिळेल. शेवटी जाता जाता एक ओळ आहे: 'आईलाही तेव्हा खूप त्रास झाला होता.' त्या ओळीकडे मी नंतर येते. माझ्या मते अर्धा प्रश्न तिथेच आहे.

मी सॉल्ट लेक खोऱ्यात सतरा वर्षं कुटुंब-समुपदेशनाचं काम करते. स्वतः कधी मॉर्मन नव्हते, साताऱ्याहून इथे आले ती नवऱ्याच्या नोकरीमुळे. पण या खोऱ्यात माझं काम करायचं आणि चर्चबद्दल काही जाणून घ्यायचं नाही हे म्हणजे पंढरपुरात राहून वारी माहीत नसल्यासारखं. 'घरातलं एक माणूस मानतं, एक मानत नाही' या गाठीशिवाय माझा एक आठवडा जात नाही. पुढे जी उदाहरणं देणार आहे त्यांतले तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेले आहेत.

'न दुखावता' हा शब्द आधी खोडून टाका. तसं होणार नाही. त्या दुखावतील, आणि त्यात तुमची किंवा त्यांची चूक असेलच असं नाही. दुखणं किती आणि किती दिवस, यावर मात्र तुमचा थोडाफार ताबा आहे. आणि दुसरं: नाव काढणं हे एक काम आहे, घरच्यांशी मनाने मोकळं होणं हे वेगळं काम आहे. पहिलं टपालाने होतं. दुसरं टपालाने होत नाही, आणि बहुतेक लोक पहिल्यातून दुसरं मिळेल या आशेने पत्र टाकतात आणि मग महिनाभराने माझ्यासमोर येऊन बसतात.

कागदाचं काम सोपं आहे, ते आधी उरकू. चर्चच्या जनरल हँडबुकमधले, म्हणजे नियमपुस्तिकेतले, असे नियम पूर्वी फक्त पदाधिकाऱ्यांकडे असायचे, २०२० पासून ती पुस्तिका सगळ्यांना वाचायला खुली आहे. तिच्यात दोन मार्ग दिलेत. एक म्हणजे तुमच्या वॉर्डाच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, प्रमुखाला, बिशपला कळवायचं. तो तुमच्याशी बोलायची तयारी दाखवेल, परिणाम समजावेल, आणि तुम्ही ठाम असाल तर विनंती स्टेक प्रेसिडेंटमार्फत (अनेक वॉर्डांचा प्रमुख) वर पाठवेल. दुसरा म्हणजे सही केलेलं, नोटरी केलेलं पत्र थेट सॉल्ट लेकच्या मुख्यालयाला पाठवायचं. पत्रात पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, माहीत असेल तर सभासद क्रमांक, आणि 'मी सभासदत्व सोडत आहे' हे एक स्पष्ट वाक्य. कारणं लिहायची गरज नाही. लोक सहा-सहा पानं लिहितात. ती पानं ज्याने वाचावीत असं त्यांना वाटतं तो माणूस ती वाचत नाही, वाचतो एखादा कारकून. लिहायचंच असेल तर लिहा, पण स्वतःजवळ ठेवा. क्विटमॉर्मन नावाची, वकिलाने सुरू केलेली मोफत सेवाही आहे. ज्यांना बिशपशी बोलणंच नको असतं ते तिकडे जातात. कुठल्याही मार्गाने गेलात तरी नाव काढल्याचं जे पत्र येईल ते जपून ठेवा. शाळा सोडल्याचा दाखला जपतो तसं.

'त्यांनी नाव काढलंच नाही तर?' अशी भीती तुम्ही लिहिली आहे. अमेरिकेत ती भीती बाळगण्याचं कारण नाही. ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये एका वेगळ्याच चर्चच्या खटल्यात सांगितलं की सभासदाने संमती काढून घेतल्यावर चर्चला त्याच्यावर शिस्तीची कारवाई करण्याचा अधिकार उरत नाही. तो निकाल त्या एका राज्याचा, पण तेव्हापासून सोडून जाणाऱ्याला अडवून धरण्यात फारसं कुणी पडत नाही.

आता परिणाम. सभासदत्व सोडलं की बाप्तिस्मा आणि टेंपलमधले सगळे आशीर्वाद चर्चच्या दृष्टीने रद्द होतात. परत यायचं झालं तर मुलाखत आणि पुन्हा बाप्तिस्मा. पण एक गोष्ट तुमच्या नवऱ्याला बहुधा माहीत नसेल, आणि ती तुम्ही त्यांना पत्र टाकायच्या आधी दाखवावी असं मला कळकळीने वाटतं: तुम्ही सोडलंत म्हणून त्यांचे आणि मुलांचे सीलिंगचे (टेंपलमध्ये कुटुंबाला कायमचं एकत्र बांधण्याच्या विधीचे) आशीर्वाद जात नाहीत. नियमात तसं स्पष्ट लिहिलंय. एका जोडप्याचं सहा महिन्यांचं भांडण या एका वाक्याने निम्मं ओसरलेलं मी पाहिलंय. नवऱ्याला वाटत होतं, हिने सही केली की मुलं माझ्यापासून कायमची सुटली. तो हे कुणाला विचारतही नव्हता, कारण विचारलं की उत्तर मिळेल ना.

काही गोष्टी मात्र परिस्थितीवर आहेत. तुमच्यापैकी कुणी बी.वाय.यू.त, म्हणजे चर्चच्या ब्रिगम यंग विद्यापीठात, शिकत असेल किंवा चर्चच्या नोकरीत असेल तर थांबा, आधी सगळं नीट तपासा. मॉर्मन म्हणून प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याने सभासदत्व सोडलं तर बी.वाय.यू.तली जागा जाते, आणि चर्चच्या बऱ्याच नोकऱ्यांना टेंपल रेकमेंड, म्हणजे टेंपलमध्ये प्रवेशाचा परवाना, लागतो. नवऱ्याशी संबंध तुटण्याच्या बेतात असतील, मुलांच्या ताब्याची गोष्ट येणार असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय काही करू नका. तुमच्या लिहिण्यावरून तसं वाटत नाही. तुम्ही दोघं रात्री जेवल्यावर एकत्र भांडी घासता असं तुम्ही सहज लिहून गेलात, मला तेवढ्यावरून बरंच कळलं.

आता सासूबाई. त्या एवढ्या का हादरणार आहेत हे कळलं नाही तर तुम्ही त्यांच्या रडण्याला हट्ट म्हणाल.

आपल्याकडे लोकांना वाटतं की ख्रिस्ती म्हणजे स्वर्ग आणि नरक. यांचा हिशेब वेगळा आहे. जोसेफ स्मिथ यांनी १८३० मध्ये चर्च स्थापन केलं आणि १८३२ च्या दर्शनात तीन वैभवांच्या पायऱ्या सांगितल्या. जवळजवळ सगळेच कुठल्या ना कुठल्या पायरीवर जातात, नरकात फार थोडे. म्हणजे सासूबाईंना तुम्ही जळणार आहात असं वाटत नाहीये. त्यांना वाटतंय की सगळ्यात वरच्या पायरीवर, जिथे कुटुंब कुटुंब म्हणून कायम राहतं, तिथल्या पंगतीत तुमचं पान रिकामं राहणार. इथे लोक 'रिकामी खुर्ची' म्हणतात. हा शब्द माझ्या खोलीत मी इतक्या आयांच्या तोंडून ऐकलाय की आता कुणी म्हणायच्या आधीच मी टिशूचा डबा पुढे सरकवते.

आणि म्हणूनच, चर्चला न जाणं आणि नाव काढणं यात त्यांच्या मनात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तुम्ही चार वर्षं जात नव्हता, ते त्यांनी सोसलं. जी जात नाही ती उद्या येईल. गाडी फलाटावर उभी आहे, सुटलेली नाही. पत्र म्हणजे तुम्ही तिकीट फाडून त्यांच्या हातात दिलं. तुमच्यासाठी ते चार वर्षं जुनी गोष्ट कागदावर आणणं आहे, त्यांच्यासाठी ती गोष्ट त्या दिवशी घडते. तुमचं दुःख करून झालं आहे. त्या सुरुवात करणार आहेत. हे अंतर लक्षात ठेवा, कारण 'हे तर सगळ्यांना माहीतच होतं' हे वाक्य तुमच्या तोंडून जाणार आहे आणि ते त्यांना फार लागणार आहे.

मिनेसोटा विद्यापीठातल्या पॉलीन बॉस यांनी अशा दुःखाला 'संदिग्ध वियोग' म्हणता येईल असं नाव दिलं. माणूस समोर आहे, पण ज्या रूपात तो आपला होता त्या रूपात नाही. मी मराठी माणसांना समजावताना म्हणते, हे न फिटणारं सुतक आहे. आपल्याकडे दहावा असतो, तेरावा असतो, गोडाचं जेवण असतं, आणि मग माणसं कामाला लागतात. इथे कुणी गेलंच नाही, मग तेरावा कुणाचा घालायचा? बॉस यांचं म्हणणं असं की अशा दुःखात 'क्लोजर' नावाची गोष्ट शोधत बसलं की माणूस अधिक अडकतो. मला माझ्या कामात ते खरं वाटतं. ज्यांनी घरच्यांकडून 'तुझं बरोबर होतं' हे वाक्य ऐकायची वाट पाहिली ते अजून वाट पाहताहेत. जे मोकळे झाले त्यांना ते वाक्य मिळालं नव्हतं. त्यांनी ते मागायचं सोडलं होतं, एवढंच.

सांगायचं कसं, तर क्रम महत्त्वाचा. आधी नवऱ्याला, कधी आणि कशा रीतीने करणार हे तारखेसकट. मग सासूबाईंना, समोरासमोर, पत्र टाकायच्या आधी. मग पत्र. हा क्रम उलटा झाला की काय होतं ते सांगते. चाळिशीतल्या एका माणसाने नोटरी केलेलं पत्र पाठवलं आणि 'ख्रिसमस झाल्यावर सांगू' म्हणून गप्प राहिला. आई त्याच वॉर्डात. इथे वॉर्ड म्हणजे दोन-चार गल्ल्या, आणि वॉर्डाची यादी सगळ्यांच्या फोनमध्ये असते. कुणाच्या तरी घरी डबा पोचवायचा म्हणून आईने यादी उघडली, तर लेकाचं नाव नाही. तिला वाटलं फोन बिघडला. तिने बिशपच्या बायकोला विचारलं. पुढचं सांगायला नको. तो माणूस आजही म्हणतो, सोडल्याचं तिने मला माफ केलंय, ते यादीचं नाही केलेलं.

सासूबाईंशी बोलताना थोडकं बोला. तीन गोष्टी पुरतात. मी नाव काढायचं ठरवलंय. हे तुम्ही दुसऱ्या कुणाकडून ऐकू नये म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले. तुमचा मुलगा आणि नातवंडं जसे आहेत तसेच राहतील, रविवारी त्यांना चर्चला जाण्यापासून मी अडवणार नाही. (शेवटचं वाक्य खरं असेल तरच म्हणा.) त्या 'का' विचारतील. इथे तुम्हाला जोसेफ स्मिथ यांची अनेक लग्नं, १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांना नाकारलेलं प्रीस्टहुड (पुरोहितपदाचा अधिकार), सगळं एका दमात सांगावंसं वाटेल. चर्चने स्वतःच २०१३ ते २०१५ दरम्यान या विषयांवर लेख प्रसिद्ध केलेत, म्हणजे त्यात गुपित असं काही नाही. पण तरी सांगू नका. तुमची कारणं चुकीची आहेत म्हणून नव्हे. सत्तरीच्या बाईला तुम्ही स्वयंपाकघराच्या टेबलावर पुरावे देऊ लागलात की तिला दोनच रस्ते उरतात, तुम्हाला खोटं ठरवायचं किंवा स्वतःच्या सगळ्या आयुष्याला. ती काय निवडेल ते तुम्हालाही माहीत आहे. 'मी खूप वर्षं प्रयत्न केला, माझा विश्वास राहिला नाही' एवढं पुरे. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं आणि तुम्हाला दिसलं की त्यांना खरंच ऐकायचंय, तर वर्षभराने बोला. तसं विचारणाऱ्या सासवा मी पाहिल्यात. थोड्या आहेत, पण आहेत.

त्या काय करतील, तेही सांगून ठेवते. रडतील. तुम्ही कुणामुळे दुखावलात का असं विचारतील, कारण सोडणारा माणूस कुणावर तरी चिडून सोडतो असा इथे पक्का समज आहे. कदाचित तुमचं नाव टेंपलमधल्या प्रार्थनेच्या यादीत टाकतील. यावर लोक माझ्याकडे येऊन भडकतात: 'मी नाव काढलं आणि हिने परत घातलं!' मी त्यांना म्हणते, घालू दे. तुमची नाशिकची मावशी तुम्हाला न विचारता तुमच्यासाठी नवस बोलतेच ना? तसंच सासूबाईंनी कधी म्हटलं की 'टेंपलमध्ये बांधलेल्या आईबापांची भटकलेली मुलंसुद्धा शेवटी परत येतात', तर वाद घालू नका. १९२९ मध्ये ऑर्सन व्हिटनी नावाच्या त्यांच्या एका अपॉसलने, म्हणजे वरिष्ठ धर्मनेत्याने, असा दिलासा दिला होता आणि आजही आयाबाया त्याला धरून झोपतात. तुम्ही परत जाणार नाही हे तुम्हाला माहीत आहे. तरीही त्यांना ती आशा ठेवू देता आली, तर तेही मोकळं होणंच आहे, आणि माझ्या अनुभवात सगळ्यात अवघड.

हद्द मात्र ठेवा. मुलांसमोर 'आईसाठी प्रार्थना करू या, ती चुकली आहे' असं म्हटलं जात असेल तर ते चालणार नाही, आणि हे सांगायचं काम तुमचं नाही, नवऱ्याचं. त्याच्या आईला त्याने सांगायचं. हे मी प्रत्येक जोडप्याला सांगते, आणि प्रत्येक नवरा तेवढ्यात बूट पाहायला लागतो.

घरातल्या छोट्या गोष्टींवरही आधीच बोलून ठेवा. दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा कमाईचा दहावा हिस्सा, कुणाच्या पगारातून जाणार? दोघांची कमाई एकत्र असेल तर त्याच्या हिश्शातून द्यावा यावर बहुतेक जण येतात, पण तिथवर यायला दोन-तीन कडू संध्याकाळी लागतात. गारमेंट्सचं, म्हणजे टेंपलविधी झालेल्यांनी कपड्यांच्या आत घालायच्या पवित्र वस्त्रांचं, काय करायचं? नवरा घालत राहील, तुमचे कपाटात पडलेत. आपल्याकडे पोथी फाटली तरी रद्दीत टाकत नाहीत. यांच्याकडेही खुणा कापून काढायच्या, मग उरलेलं टाकायचं अशी रीत आहे. तुम्हाला त्यात काही वाटत नसलं तरी नवऱ्यासाठी तेवढं करा. पाच मिनिटांचं काम आहे.

आता ती शेवटची ओळ. 'आईलाही तेव्हा खूप त्रास झाला होता.'

२०१३ मध्ये अमेरिकेत नियम असा होता की आधी बाहेर लग्न केलंत तर टेंपलमधल्या सीलिंगसाठी वर्षभर थांबायचं. ब्रिटनसारख्या देशांत, जिथे सरकारी लग्न आधी व्हावंच लागतं, तिथे ही अट नव्हती. इथे होती. त्यामुळे मुलीने थेट टेंपलमध्ये लग्न करायचं ठरवलं, आणि आईवडलांकडे रेकमेंड नसलं, की आईवडील बाहेर. म्हणजे तुमची आई नाशिकहून आली, पैठणी नेसली, आणि टेंपलबाहेरच्या बागेत बसून राहिली. तुम्ही दार उघडून आलात तेव्हा लग्न झालेलं होतं. अंतरपाट नाही, अक्षता नाहीत, हातात नुसती पर्स. हे तुम्ही लिहिलेलं नाही, मी नियमावरून सांगतेय. चुकत असेन तर सांगा. मे २०१९ मध्ये चर्चने ती वर्षभराची अट काढून टाकली, आता आधी सगळ्यांसमोर लग्न करून मग सीलिंग करता येतं. तुमच्या आईसाठी सहा वर्षं उशीर झाला.

शिवाय चहा. १८३३ च्या वर्ड ऑफ विज्डम या चर्चच्या आहारनियमापासून चहा-कॉफी वर्ज्य. नाशिकला गेल्यावर आईने कप पुढे केला आणि तुम्ही 'नको' म्हणालात, असं किती वर्षं झालं? आपल्या घरात चहा नाकारणं म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी हे उकरून काढतेय, कारण सासूबाईंच्या दुःखाला तुम्ही इतकी काळजीपूर्वक वाट शोधताय, आणि आईचं दुःख एका ओळीत 'तेव्हा'मध्ये टाकून दिलंय. दोघींचं दुःख एकच आहे: माझी मुलगी मला न घेता कुठेतरी निघून गेली. एकीला तुम्ही ते देणार आहात, दुसरीला आधीच दिलंय. माझ्याकडे आलेल्या एका मराठी बाईने सासरच्यांशी दोन वर्षं झटून तह केला, आणि तरी तिला रात्री झोप येईना. शेवटी तिने आईला फोन करून म्हटलं, 'लग्नात तुला बाहेर बसवलं, मी चुकले.' आई म्हणाली, 'अगं ऊन फार होतं तिथे.' बस्स. त्या दिवसाबद्दल आईने काढलेला तेवढाच शब्द. पण ती झोपली.

एक सावधगिरीही सांगते. तुम्ही नाव काढलंत हे नाशिकला कळलं की तिथे आनंदाला उधाण येईल. कुणी म्हणेल सत्यनारायण घालू, कुणी म्हणेल त्र्यंबकेश्वरला जाऊन काहीतरी शांत करून घेऊ, आणि एखादा काका 'सांगत होतो ना' म्हणेलच. एका पटावरून नाव काढल्यावर लगेच दुसऱ्या पटावर घालायची घाई करू नका. तुम्हाला मनापासून पूजा करावीशी वाटली तर करा. पण आईला बरं वाटावं म्हणून केलीत तर लवकरच आणखी एका घरात तुम्ही खोटं बोलत बसाल. आईची माफी मागायची आहे. सगळ्या घराण्याला जिंकल्याचा आनंद द्यायचा नाही.

राहिला मार्च.

आठव्या वर्षीच्या बाप्तिस्म्याला आईवडलांची परवानगी लागते. तुम्ही अडवू शकता. अडवावं का, यावर माझं मत पक्कं नाही. मूल कसं आहे, नवरा किती लवचीक आहे, यावर ते ठरतं. काही जोडपी पुढे ढकलतात. पुढे ढकललंत तर एवढं माहीत असू द्या की नऊ पूर्ण झाल्यावर ते मिशनरींच्या (धर्मप्रचारकांच्या) शिकवणीसह, नव्याने आलेल्या माणसासारखं होतं, आणि वॉर्डात ते सगळ्यांना दिसतं. तुमच्या मुलीला स्वतःला हवंय असं तुम्ही लिहिलंय. बरोबरच्या सगळ्या मैत्रिणींचा होतोय, पांढरा झगा शिवून झालाय, आजीने. मग माझा कल होऊ देण्याकडे आहे. तिला पुढे नको वाटलं तर तिच्यापुढे तुमचं उदाहरण आहेच. पण तुम्ही आतून ठाम विरोधात असाल तर ते आत्ता, नवऱ्याला, बंद दाराआड सांगा. बिशपच्या खोलीत पहिल्यांदा सांगू नका.

आणि पत्र मार्चच्या आधी की नंतर? माझ्या अशिलांना मी बहुतेक वेळा सांगते की मुलांच्या एखाद्या दिवसाच्या आगेमागे दोन महिने पत्र टाकू नका. तुमच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायची आहे. ऑक्टोबर २०१९ पासून बाप्तिस्म्याला स्त्रियाही साक्षीदार राहू शकतात. दोन साक्षीदार लागतात, मूल पूर्ण पाण्याखाली गेलं की नाही ते पाहायला. केसांची बट वर राहिली तरी पुन्हा बुडवतात. साक्षीदार मात्र बाप्तिस्मा झालेला सभासदच लागतो. तुमचं नाव तोपर्यंत पटावर असेल तर कुणीतरी तुम्हाला उभं राहायला सांगेल, आणि नाव असूनही तुमचा त्यावर विश्वास नाही. राहू नका उभ्या. ती जागा सासूबाईंना द्या. तुम्ही स्वतः त्यांना फोन करून विचारा, नवऱ्याकरवी नको. तुम्ही त्यांना जे सांगणार आहात ते त्या वेळी सांगून झालेलं असेल, आणि तरी तुम्ही त्यांना बोलावताय हे त्यांना कळेल.

तुमचं काम कुंडाच्या दुसऱ्या बाजूला आहे. मुलगी पायऱ्या चढून ओली बाहेर येते तेव्हा तिथे कुणीतरी टॉवेल घेऊन उभं असावं लागतं, आणि ते आईच करते. तिला घेऊन कपडे बदलायच्या खोलीत जा. केस लांब आहेत म्हणालात, तर घरून ड्रायर घेऊन जा, तिथे असेलच असं नाही. बाहेर सगळे गाणं म्हणत थांबलेले असतात, पण ते थांबतात, घाई करू नका.